दारावरची फुलं

४ जानेवारी

ऑफिसात आज नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. माझ्या टेबलावर दोन आल्या. एक माझी, एक तिची. कुठल्या तरी कागदावर तिचं नाव अजून आहे. शिपायाला सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. दोन्ही घरी आणल्या. माझी कपाटात ठेवून तिच्या डायरीत हे लिहितो आहे.

लिहायची मला सवय नाही. मी आरोग्य विभागाचं लसभांडार सांभाळतो. डोंगरातल्या वाड्यांपासून नदीपलीकडच्या गावांपर्यंत, सगळ्या भागाची लस आधी माझ्या फ्रीजमध्ये येते आणि मग बाहेर जाते. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान लिहायचं, एवढंच माझं लेखन. ती, माझी बायको, याच विभागात मुख्य परिचारिका होती. लोक सिस्टर म्हणायचे. मी पेट्या भरून द्यायचो, ती घेऊन जायची. सप्टेंबरमध्ये गेली. पोटाचं दुखणं होतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आज तिच्या जागी नव्या बाई रुजू झाल्या. खुर्ची तीच. खुर्चीवरची उशी मी कालच काढून आणली होती.

८ जानेवारी

नव्या बाई मोठ्याने हसतात. भांडाराचं दार जाड आहे तरी आत ऐकू येतं.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊसाहेब, ऑफिसात पुन्हा जीव आला बघा." मग माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली.

मी म्हटलं, "बर्फाच्या पिशव्या गाडीत ठेवल्यास का?"

"ठेवल्या."

"मग जा."

११ जानेवारी

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब म्हणजे विभागाचे मोठे डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यांमध्ये गोवर निघाला आहे. तो खाली उतरायच्या आत भागातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची, आधी दिलेली असो वा नसो. काम फेब्रुवारीत उरकायचं.

नव्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सिस्टरांची फुलाची पद्धत मला फार आवडली. तीच चालू ठेवू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब तर म्हणाले, "उत्तम कल्पना." कल्पना कुणाची, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

फुलाची पद्धत अशी. एखाद्या घरातल्या सगळ्या मुलांना लस मिळाली की ती त्या घराच्या चौकटीजवळ, पोराच्या उंचीवर, निळ्या खडूने एक फूल काढायची. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत. सुई टोचली की फूल मिळणार, म्हणून पोरं रडत रडतच दार दाखवायला पळायची. ज्या दारावर फूल नसेल त्या घराला शेजारणीच टोकायच्या, की तुमचं राहिलं वाटतं. तिला कुणी तरी ऑइलपेंट वापरायला सुचवलं होतं. ती म्हणाली होती, खडूच बरा, पुढच्या फेरीपर्यंत आपोआप जातो.

मीटिंग संपल्यावर नव्या बाई भांडारात आल्या. "सर, एक विचारायचं होतं. फेरीच्या आधी जुनी फुलं पुसून घ्यावीत का?"

"गरज नाही. खडू आहे. आपोआप जातो."

"आणि फूल कसं काढायच्या त्या? म्हणजे पाकळ्या वगैरे? मुलींना शिकवायचंय."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मला माहीत होतं. पहिल्या वर्षी तिने स्वयंपाकघरात वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर कितीतरी फुलं काढून पाहिली होती. एक पाकळी नेहमी मोठी यायची. मी म्हणायचो, वाकडं येतंय. ती म्हणायची, असू दे, तीच माझी सही.

१४ जानेवारी, रविवार

तिचा कोट सासूबाईंनी स्वतःच्या मापाचा करून घ्यायला शिंप्याकडे दिला होता. तो आणायला मला पाठवलं. सासूबाई म्हणजे तिच्या आई. तिच्या आजारपणात आल्या त्या इथेच राहिल्या. परत जा असं मी म्हणालो नाही आणि जाते असं त्या म्हणाल्या नाहीत.

शिंपी खालच्या वस्तीत राहतो, रंगाच्या कारखान्यामागे. तिच्या तोंडून त्या वस्तीचं नाव इतकी वर्षं ऐकलं, पण मी तिथे कधी गेलो नव्हतो. पुढे दुकान, मागे घर. शिंपी बाहेर गेला होता. त्याची बायको मांडीवर मुलगी घेऊन गुंड्या लावत होती.

"भाऊजी ना तुम्ही? या, बसा. त्या स्टुलावर बसा. ताई तिथंच बसायच्या."

"इथे?"

"या बाजूला काम असलं की दुपारचा डबा इथंच उघडायच्या. डबा तुम्ही भरायचात ना? भाजीत मीठ जास्त घालतात म्हणायच्या."

मी स्टुलावर बसलो.

"पण संपवायच्या हो. मला कधी घासभर दिला नाही."

मग ती गुंडीचा दोरा दातांनी तोडता तोडता सहज म्हणाली, "पोटाचं मीच ओळखलं होतं. उन्हाळा लागायच्या आधीपासून सांगत होते, घरी सांगा, ताई. तर म्हणायच्या, त्यांना सांगितलं की ते गप्प होतील, आणि ते गप्प झाले की मला भीती वाटते."

मला जुलैत कळलं.

ही बाई चांगली आहे. तिने चहा दिला, कोट नीट घडी करून दिला. पण तिथून उठताना मला तिचा इतका राग आला की पायात चपला नीट जाईनात. आमचं पंधरा वर्षांचं लग्न. आणि त्यातलं जे मला ठाऊक नव्हतं ते एका स्टुलावर ठेवलेलं होतं.

बाहेर आलो तर चौकटीशी फूल दिसलं. म्हणजे, असल्याचं जाणवलं. पोरांच्या हातांनी आणि धुळीने ते जवळजवळ गेलं होतं. मोठी पाकळी तेवढी ओळखू येत होती. खिशात खडू होता, पेट्यांच्या झाकणांवर गावांची नावं लिहायला मी ठेवतो तो. वाकून गिरवलं. बरोबर तसंच आलं.

परत येताना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२१ जानेवारी, रविवार

पुन्हा गेलो. सासूबाईंना सांगितलं, पाय मोकळे करून येतो. खालच्या वस्तीच्या पहिल्या दोन गल्ल्या झाल्या. काही फुलं अगदीच गेली आहेत. पण भिंतीवर तिरपा उजेड पडला की निळी कड दिसते.

पोरं मागे लागली. "काका, काय करताय?"

"नीट करतोय."

"आम्ही करू?"

"नाही."

२८ जानेवारी, रविवार

आज वस्तीचं वरचं टोक. एक म्हातारी दारात बसली होती. मी खडू चालवत असताना बारीक डोळे करून बघत राहिली.

"त्या सुईवाल्या बाईंचे यजमान का तुम्ही?"

"हो."

"मग आमचं झालं म्हणायचं?"

"झालंय ना. तिने केलं होतं."

"देव भलं करो," म्हातारी म्हणाली आणि आत ओरडली, "ऐकलंस का गं, आपलं झालंय."

मला फार बरं वाटलं. तिचं काम अजून लोकांच्या तोंडी आहे. ऑफिसात मात्र तिच्या टेबलावर आता कुंडी आली आहे.

३० जानेवारी

घरी आलो तर बाहेर अनोळखी चपला. आत नव्या बाई आणि सासूबाई चहा पीत बसलेल्या. सासूबाई हसत होत्या. मी दारातच थांबलो. सप्टेंबरपासून मी त्यांच्यासाठी रोज वर्तमानपत्र आणतो, डोळ्यांत थेंब घालतो, रेडिओ दुरुस्त करून आणला. एकदा हसल्या नाहीत.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "अहो, यांच्या स्कूटरवरून कोंबडी बसून गेली म्हणे बाजारापर्यंत. यांना पत्ताच नाही."

"लोक हात करत होते," नव्या बाई म्हणाल्या. "मला वाटलं, नवीन आले म्हणून ओळख दाखवतायत."

मीही हसल्यासारखं केलं.

जाताना सासूबाईंनी आतून तिची खांद्याची पिशवी आणून त्यांना दिली. फेरीला नेण्याची, जाड कापडाची, खूप कप्प्यांची. "नुसती लटकतेय," म्हणाल्या. "वापरात राहील." नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. त्यांनी पिशवी घेतली.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मन मोठं करा हो थोडं."

मी म्हटलं, "भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"नेहमीसारखंच आहे."

५ फेब्रुवारी

फेरी सुरू. सकाळी पेट्या भरल्या. नव्या बाईंनी कॉलेजच्या मुली जमवल्या आहेत. प्रत्येक वस्तीत दोन तुकड्या, दोन टोकांनी आत शिरायचं आणि मध्ये भेटायचं. दारावर फूल दिसलं की ते घर दुसऱ्या तुकडीने केलं असं समजून पुढचं दार. मुलींना खडू वाटले. एक मुलगी दुसरीच्या गालावर फूल काढत होती. तिच्या वेळी असले चाळे चालत नसत. अर्थात, तिच्या वेळी मी भांडारातून बाहेरच यायचो नाही, तेव्हा चालत असतील तर मला माहीत नाही.

नव्या बाईंच्या खांद्याला ती पिशवी होती.

९ फेब्रुवारी

नदीपलीकडची गावं पूर्ण झाली. तिथल्या लोकांनी बाईंना बैलगाडीत बसवून फिरवलं म्हणे. ड्रायव्हर चार वेळा तेच सांगत होता. पाचव्या वेळी मी त्याला डीप फ्रीजरचा बर्फ खरवडायला लावला.

१३ फेब्रुवारी

ड्रायव्हर दुपारी आला. "भाऊसाहेब, खालच्या वस्तीत गेला होतात का कधी? सगळी दारं फुललीत. आमच्या पोरींना फार काही करावंच लागलं नाही, दुपारी जेवायला मोकळ्या."

फुलं लोकांच्या डोळ्यांत भरतात, हे ऐकून समाधान वाटलं. फुलं मी गिरवली हे माझ्यापुरतंच असू दे.

१४ फेब्रुवारी

खालच्या वस्तीतून पेट्या परत आल्या. उघडून पाहतो तर निम्म्याहून जास्त कुप्या न फोडता तशाच. तिच्या वेळी त्या वस्तीतून पेटी यायची ती रिकामी. उलट दुपारी निरोप यायचा, अजून पाठव. आणि हिच्या मुली जेवायला मोकळ्या.

मला आनंद झाला. तो लपवायचं कारण नाही, इथे कोण वाचणार आहे. कुप्या मोजून फ्रीजमध्ये लावल्या आणि सरळ साहेबांकडे गेलो. इतक्या वर्षांत मी साहेबांकडे कुणाची तक्रार घेऊन गेलो नव्हतो. साहेबांनीही चष्म्यावरून बघितलं. म्हटलं, "खालच्या वस्तीत काम नीट झालेलं दिसत नाही. लस परत आली आहे."

"किती?"

"निम्म्याच्या वर. सिस्टर असती तर एक आली नसती."

"हं," साहेब म्हणाले. "बघतो."

१६ फेब्रुवारी

साहेबांनी बाईंना विचारलं. मी तिथेच होतो, सही घ्यायला. बाई म्हणाल्या, "वस्ती बरीचशी आधीच झालेली होती, सर. दोन्ही तुकड्या तेच म्हणाल्या."

आधीच झालेली. कुणी केली, भुतांनी? ढकलायचं म्हणजे किती ढकलायचं. साहेबांनी तेवढ्यावर सोडून दिलं. लोकांना हसऱ्या बाईंना रागावता येत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

फेरी संपली. साहेबांनी ऑफिसात चहा दिला आणि बाईंचं कौतुक केलं. सासूबाईंनाही बोलावलं होतं! सिस्टरांच्या आई म्हणून. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, बाईंच्या शेजारी. मी मागे फ्रीजच्या चाव्या घेऊन उभा होतो.

बाईंनी भाषणात तिचं नाव तीनदा घेतलं. मला वाटलं, एकदाही घेऊ नये.

१ मार्च

खालच्या वस्तीत गोवर. दोन घरांत. साहेबांना दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी बाहेर उभा होतो.

३ मार्च, रविवार

आता सहा-सात घरांत. इतर कुठेही नाही. डोंगर सोडला तर सगळा भाग कोरडा आहे आणि फक्त खालची वस्ती. साहेबांनी सुट्टीच्या दिवशी बाईंना बोलावून घेतलं. दार बंद होतं, पण मला शब्द ऐकू आले. "हलगर्जीपणा." "वर कळवावं लागेल." बाई बाहेर आल्या त्या हसत नव्हत्या. माझ्यासमोरून गेल्या. मी वाट सोडून उभा राहिलो.

जे मी साहेबांना सांगितलं होतं तेच खरं ठरलं. ती असती तर असं झालं नसतं, हे आता सगळ्यांना कळेल. हे लिहून ठेवतो. पण लिहिताना कुप्या मोजल्या त्या दिवशीसारखं वाटत नाही.

५ मार्च

ड्रायव्हरने सांगितलं, शिंप्याची मुलगी वॉर्डात आहे. छातीत उतरलंय.

संध्याकाळी गेलो. लांब खोली, खिडक्यांना कागद लावलेले, कारण गोवरात उजेड सोसत नाही. शिंपी बाहेर बाकावर मापाची फीत हातात गुंडाळत आणि उलगडत बसला होता. बायको आत. मुलीच्या नाकाला नळी. अंगभर लाल. श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये खळगे पडत होते.

मी बिस्किटांचा पुडा खाटेवर ठेवला. काय बोलावं सुचेना, म्हणून जे मनात होतं ते बोललो. "त्या मुली आल्याच नव्हत्या का तुमच्याकडे?"

"आल्या होत्या की. दोघी होत्या. फूल बघितलं आणि गेल्या."

"फूल बघून?"

"हो. मी पण म्हटलं, आमचं झालंय, भाऊजींनीच तर केलंय." ती मुलीच्या कपाळावरचं फडकं उलटत होती. माझ्याकडे बघत नव्हती. "मला काय कळतं, भाऊजी. तुम्ही ऑफिसचे. ते जुनं फूल दुसऱ्या लसीचं होतं, हिचा नऊ महिन्यांचा डोस राहिला होता. ताई आठवण करून द्यायच्या. त्या गेल्या आणि राहून गेलं. मग तुम्ही येऊन फूल काढलंत, मला वाटलं, काही तरी सोय झाली असेल."

मी तिथे उभा होतो. नर्स म्हणाली, बाहेर थांबा.

६ मार्च

कामाला गेलो नाही. सासूबाई दोनदा दारात येऊन गेल्या.

एकेक दार डोळ्यांसमोर येत राहिलं. म्हातारीचं दार. आपलं झालंय.

७ मार्च

सकाळी बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. त्या बदलीचे कागद बघत होत्या. डोंगरापलीकडच्या एका केंद्राचं नाव वर दिसत होतं.

म्हटलं, "खालच्या वस्तीतली फुलं मी काढली."

त्यांनी कागद उलटा ठेवला. "माहीत आहे."

"कसं?"

"परवा फिरून आले. आमच्या मुलींच्या पाकळ्या सगळ्या सारख्या असतात. त्या वस्तीत प्रत्येक फुलाची एक पाकळी मोठी. मी घरोघर विचारलं, लोक म्हणाले, सिस्टरांचे यजमान येऊन नीट करून गेले." त्या थांबल्या. "मोठ्या पाकळीचं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, सर."

"साहेबांना सांगितलंत?"

"काय सांगू? एक माणूस आपल्या बायकोची फुलं गिरवत होता?"

"तुमची बदली होतेय."

"होईल तर होईल. तिकडेही पोरं आहेतच."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. परवापासून ही बाई माझं ओझं घेऊन हिंडते आहे आणि तिने कुणाला कळू दिलं नाही. असं वागणं मला आयुष्यात कधी जमलं नसतं. त्यांचा मी दोन महिने हेवा केला, पण खरा हेवा मला आज वाटला.

तिथूनच साहेबांकडे गेलो. उभ्याने सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ घातला नाही. मग म्हणाले, "ती कुप्या परत आल्याची तक्रार तुम्हीच केली होती."

"हो."

"तुम्ही दिली होती ती तक्रार."

"हो साहेब."

"लेखी द्या सगळं. चौकशी होईल. बाईंचे कागद मी थांबवतो." आणि मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "वस्ती परवापासून पुन्हा पूर्ण करायची आहे. फुलं आहेत तोवर कुणी कुणावर विश्वास ठेवणार नाही. आधी ती काढा."

८ मार्च

बाई म्हणाल्या, "पुसायचं काम मी मुलींना देणार नाही. ते तुम्ही करा. मी मागून लस देत येते."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, जुनी चादर काढली आणि तिची फडकी फाडायला बसल्या. फाडता फाडता म्हणाल्या, "ओल्याने पुसाल तर निळं भिंतभर पसरेल. आधी कोरड्याने झाडा, मग ओलं." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाल्या, "शिंप्याच्या घरी डबा कोण देतंय?"

"माहीत नाही."

"मी देईन. मीठ मी घालेन."

९ मार्च

पहिल्या दोन गल्ल्या आणि वरचं टोक झालं. दार, फडकं, बादली, पुढचं दार. मागून बाईंचा आवाज, पोरांचं रडणं, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज. लोक बघतात. त्या पोरांनी मात्र विचारलं, "काका, नीट केलेलं पुसताय कशाला?"

"चुकलं होतं," मी म्हटलं.

म्हातारीच्या घरी दोन नातवंडं निघाली. दोघांनाही अजून काही झालेलं नाही. म्हातारी सुई टोचेपर्यंत माझ्यावरून नजर काढत नव्हती. नंतर म्हणाली, "आता झालं का? विचारून घेतलेलं बरं."

शिंप्याच्या दारापाशी आलो तेव्हा त्याची बायको नेमकी कपडे न्यायला घरी आली होती. मुलगी आज तोंडाने पाणी प्यायली. नळी काढलेली नाही. गोवराने डोळे सुजलेत, नजरेचं आठवड्याने कळेल, असं डॉक्टर म्हणालेत. हे तिने बाईंना सांगितलं. मला ती भाऊजी म्हणाली नाही. चौकटीकडे बोट दाखवलं आणि बाजूला झाली. मी पुसलं. नीट निघेना, कारण इथे मी सगळ्यात जाड गिरवलं होतं. ती उभी राहून बघत होती. पूर्ण निघेपर्यंत हलली नाही.

१० मार्च, रविवार

आज वस्ती पूर्ण झाली.

शेवटच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या जिन्याखाली एक दार आहे. तिथे मी जानेवारीत पोचलोच नव्हतो. पत्र्याचं पिंप सरकवलं तर मागे फूल. ऊन नाही, पोरांचे हात नाहीत, म्हणून जसंच्या तसं राहिलेलं. मोठी पाकळी डावीकडे. खडू उचलताना तिच्या हातून एक बारीक शेपटी राहायची, तीही होती. मी इतकी दारं गिरवली, पण ती शेपटी मला एकदाही आठवली नव्हती.

दार उघडलं. तरुण मुलगी, कडेवर बाळ. नवीन भाडेकरू. तिने सांगितलं, "मागच्या महिन्यात दोघी आल्या होत्या, पिंपामागे डोकावल्या, फूल आहे म्हणून गेल्या. आम्हाला वाटलं, आधीच्या लोकांचं असेल, पण विचारायला लाज वाटली."

मी फडकं हातात घेऊन उभा राहिलो. बाई मागून आल्या. त्यांनी फूल बघितलं, मग मला बघितलं. त्यांना कळलं.

हळू आवाजात म्हणाल्या, "हवं तर हे एक राहू द्या, सर. मी लक्षात ठेवीन."

त्यांनी ठेवलं असतं. त्या तशा आहेत. पण पुढच्या फेरीला त्या असतील की आणखी कुणी, ते मला ठाऊक नाही, आणि ज्या येतील त्यांना हे दार झालेलं दिसेल.

"नको," मी म्हटलं.

आधी कोरड्याने झाडलं. मग ओलं. सहज निघालं. खडूच तो. फडकं निळं झालं, ते मी बादलीत बुडवून पिळलं आणि पाणी गटारात ओतलं.

बाळाला सुई टोचली. ते आधी चकित झालं, मग रडलं. आई त्याला दाराशी घेऊन आली. बाईंनी त्या पिशवीतून खडू काढला, गुडघ्यांवर बसल्या आणि फूल काढलं. सगळ्या पाकळ्या सारख्या. बाळ रडायचं थांबून बघत होतं.

तिच्या हातचं इतकं सुबक कधी येत नसे. मला ते आवडलं नाही. मी पिंप मात्र परत पुढे सरकवलं नाही. फूल येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि पोरांचे हात त्याला लागले पाहिजेत.